बेसवर पोच, मग हात जोड

भटू, तुझ्या दारावर येणाऱ्या माणसांना तू कसा गेलास ते मीच, तुझी आक्का, सांगते आहे. तुझ्या शोभाला बोलवत नाही, तुमचा रोहित मान खाली घालून बसलेला असतो, आणि घरातली बोलकी म्हणून माझं नाव पहिल्यापासून आहेच. बाया दारातच पदर तोंडाला लावतात आणि विचारतात, "कसं झायं व माय?" मी सांगते. गुरुवारी दिवसपाळी करून आला. उंबऱ्यावर बसला. चहा मागितला. पाठ भिंतीला टेकवली. शोभा चहा घेऊन बाहेर आली तोवर संपलं होतं. बाया रडतात. मी त्यांना पाणी देते आणि पुढची माणसं आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

परवा पांडेसऱ्याहून एक जोडपं आलं होतं. तुझी त्यांची ओळख नव्हती, त्यांचा मुलगा तुझे बेसबॉलचे व्हिडिओ बघून खेळतो एवढंच नातं. मी सगळं सांगून झाल्यावर तो माणूस दबकत म्हणाला, "मॅडम, आवाज ओळखला. व्हिडिओत तुम्हीच ना? अगदी तसंच सांगताय." त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. पण तो खरं बोलत होता. चेंडू फेकताना आधी पाय रोवायचा, मग खांदा वळवायचा, मग हात सोडायचा. तसं आधी उंबरा, मग चहा, मग भिंत. माझ्या आवाजात काही फरकच पडलेला नाही. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

रडले नाही मी अजून. सगळे वाट बघताहेत. शोभाची आई तर दोनदा माझ्या समोर बसून मुद्दाम तुझ्या लहानपणाच्या गोष्टी काढून गेली, की हिचा बांध फुटेल. मी त्या गोष्टींतल्या चुका दुरुस्त केल्या. शाळेत शिकवून शिकवून ही खोड लागली आहे, माणूस गेला तरी जात नाही.

आता मुद्द्याचं सांगते. तू शेवटच्या रविवारी केलेला व्हिडिओ माझ्या फोनमध्ये तसाच पडून आहे. तिसऱ्या बेसपाशी उभं राहून धावणाऱ्याला हातांनी कसं सांगायचं, तो. त्याला आवाज लावायचा राहिला आहे. पोरं मागताहेत. पूनम, तुझी ती लाडकी कॅचर, दारावर आली तेव्हा सगळ्या मोठ्या माणसांच्या मधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि कानात म्हणाली, "मॅडम, तो थर्डवाला व्हिडिओ कब डालोगे? सर बोलले होते रविवारी मिळेल. आमची मॅच आहे ना." मी म्हटलं, टाकते. आणि आपलं भांडण तर अजून मिटलेलं नाही. तू म्हणत होतास याला आवाज नको. मी म्हणत होते हवा. तू निघून गेलास. आता मी आवाज लावला तर मेलेल्या माणसाचं ऐकलं नाही असं होईल, आणि नाही लावला तर मी हरले असं होईल. दोन्ही मला जमत नाही.

किती वेळा भांडलो रे आपण या खेळावरून. पहिलं भांडण तर अगदी सुरुवातीचं. तू मागावर काम करायला सुरतेला आलास, चार वर्षं मुकाट्यानं खातं आणि खोली एवढंच केलंस, आणि एका रविवारी गोडादऱ्याच्या पुढच्या मोकळ्या मैदानात गल्लीतली पोरं गोळा करून त्यांना बेसबॉल शिकवायला लागलास. मी पर्वत पाटियाच्या माझ्या घरून रिक्षा करून बघायला आले. खातं म्हणजे मागांचा कारखाना, त्यात बारा तास उभं राहून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी झोपतो. तू उन्हात उभा होतास. मी विचारलं, "क्रिकेट शिकव की, पोरांना निदान कळेल तरी." तू म्हणालास, "आक्का, क्रिकेटमा ज्याना बाप बॅट दी सकस तो पुढे. हाऊ खेळ इथं कोणाच्याच बापाला येत नाही. सगळी एका रांगेत." आपल्याकडे पारोळ्याच्या शाळेत गुरुजींनी तुम्हाला सॉफ्टबॉल शिकवला होता, तू जिल्ह्यापर्यंत खेळून आला होतास, ते मी विसरून गेले होते. तू विसरला नव्हतास. मला मात्र तेव्हा तुझं म्हणणं पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

तुझ्या पोरांना सगळ्यात अवघड काय गेलं, आठवतं? बॅट सोडणं. गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेली पोरं, चेंडू मारला की बॅट घट्ट धरून पळायची, आणि पहिल्या बेसपाशी पोचली की बॅट पुढं टेकवायची, जशी काही तिथं रेघ आहे. तू बाहेरून ओरडायचास, "बॅट टाकी दे आनि पय!" अर्ध्या पोरांचं बोलणं हिंदी-गुजराती, उरलेली विदर्भातली, त्यांना तुझी अहिराणी काय कळणार, पण "पय" सगळ्यांना कळायचं. नंतर मैदानात कुणाच्याही तोंडी तेच झालं. परप्रांतातलं एक पोरगं तर दुसऱ्या पोराला रस्त्यावर कुत्रं मागं लागलं तेव्हा "पय" म्हणून ओरडलं, हे तू मला किती हसत सांगितलं होतंस.

व्हिडिओ सुरू झाले ते त्या बॅटमुळेच. दर रविवारी नवीन पोरं यायची आणि तुला तेच पुन्हा सांगावं लागायचं. तू म्हणालास, एकदा दाखवून ठेवू. मी फोन धरला. पहिल्या व्हिडिओत तू स्वतः बोललास. खात्यात मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं काढलेली, कान अर्धे गेलेले, त्यामुळे तुला हळू बोलणं म्हणजे काय हेच उरलं नव्हतं. फोनमधून नुसती घरघर आली. शोभा हसून हसून खाली बसली. तू रागावलास आणि म्हणालास, "मंग तूच बोल, तू मास्तरीण शेस ना." अशी मी तुझा आवाज झाले. हात तुझे, आवाज माझा.

आणि तो आवाज लावायची आपली पद्धत! माझ्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग. दार लावलं तरी खडखड येणारच. शेवटी आईची जुनी गोधडी डोक्यावरून घेऊन, पलंगावर उकिडवी बसून मी बोलायची. तू दारात स्टूल टाकून बसायचास, कुणी आत येऊ नये म्हणून. शेजारीण साखर मागायला आली तर तू तिला हातानंच थांबवायचास. मी घामानं निथळत बाहेर आले की तू विचारायचास, "झायं का?" आणि पाण्याचा तांब्या पुढं करायचास. बायकांच्या घोळक्यात हे सांगायला लागले तेव्हा सगळ्या हसल्या. दुखवट्याच्या घरात हसू आलं म्हणून मग सगळ्या गप्प झाल्या. मी म्हटलं, हसा, त्यालाही हसू यायचं.

माझ्या मराठीवर तू किती बोललास ते आता मोजत नाही. मी लिहून घ्यायची, "चेंडू मारल्यानंतर बॅट हळुवारपणे सोडून द्यावी आणि पहिल्या बेसकडे धाव घ्यावी." तू ऐकायचास आणि कपाळाला हात लावायचास. "हळुवारपणे? आक्का, तू वाक्य संपवशील तोवर पोरगं आऊट." मी चिडायची. पण पुढच्या वेळी वाक्य आखूड करायची. तुला न सांगता करायची, कारण तुला सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास. आणि तूही कधी मान्य केलं नाहीस की माझ्या सांगण्यामुळे लांबच्या गावांतल्या शाळांतली पोरंसुद्धा तुझं बघून शिकायला लागली. पण ते तुला माहीत होतं. तुझा फोन घेऊन तू शोभाला त्या गावांची नावं वाचून दाखवायचास, तिनं मला सांगितलं आहे.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पूनमचा पाय. तिचं पहिलं वर्ष होतं. चेंडू मस्त मारला, बॅट टाकली, तुझं ऐकून टाकली, आणि पळताना तिचा पाय त्या पडलेल्या बॅटला लागला. झालं. पोरगी जागच्या जागी थांबली, वाकली, बॅटला हात लावला, तो हात कपाळाला लावला, छातीला लावला. तोवर चेंडू पहिल्या बेसवर. आऊट. समोरची पोरं हसून लोळायला लागली. पूनमला तर काय चुकलं तेच कळेना. दसऱ्याला मागाला हार घालणाऱ्या घरातली पोर, ज्या वस्तूनं काम करतो तिला पाय लागला तर नमस्कार करायचा, एवढंच तिला माहीत.

मी म्हटलं, तिला समजावून सांग, खेळात असं करायचं नाही. तू माझ्याकडे असं बघितलंस की मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले. तू तिला बोलावलंस आणि म्हणालास, "बरोबर केलंस. फक्त आधी पोच. बेसवर पाय ठेव, मग तिथून हात जोड. बॅट कुठं पळून जाते का?" तिनं विचारलं, "सर, इतक्या लांबून चालतो?" तू म्हणालास, "चालतो. देवालाही आपण लांबूनच जोडतो ना." मी तोंड फिरवून हसले. पुढं तो आपला सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ झाला. "बॅटला पाय लागला तर थांबायचं नाही. आधी बेसवर पोच, मग हात जोड." माझंच वाक्य आहे ते. तू त्यात एकही शब्द बदलला नाहीस, एवढं मात्र खरं.

आता त्या शेवटच्या रविवारचं. तू तिसऱ्या बेसबाहेर उभा, मी फोन घेऊन समोर. मला समजावून सांगत होतास, की दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे पळणाऱ्याला चेंडू दिसत नाही, तो त्याच्या पाठीमागे असतो. म्हणून त्यानं मागं वळून बघायचं नाही, तिसऱ्या बेसपाशी उभ्या माणसाकडे बघायचं. त्या माणसानं दोन्ही तळवे वर केले तर थांब. हात गोल फिरवला तर न थांबता घराकडे, म्हणजे जिथून पळायला सुरुवात केली तिथं. दोन्ही हात खाली दाबले तर घसरत ये. मी म्हटलं, हे हात मी कुठंतरी बघितलेत. तू हसलास. तुम्ही खात्यात असेच बोलता. मागांच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला तळवा दाखवतो, माग बंद कर. बोट फिरवतो, चालू दे. तुझा डबा द्यायला मी एकदा आत आले होते तेव्हा बघितलं होतं, पन्नास माणसं आणि एक शब्द नाही, तरी सगळे बोलत होते. तू तेच हात मैदानात आणले होतेस.

"म्हणून याला आवाज नको," तू म्हणालास. "मॅचमा सगळा ओरडतस. आवाज ऐकाले बसना तं गया. डोयानी शिकाले पाहिजे."

मी म्हटलं, "आवाज नसलेला व्हिडिओ कुणी बघत नाही. लोकांना वाटेल फोन बिघडला."

"वाटू दे."

"तुला काय जातंय वाटू दे म्हणायला. मीच वाचते ना लोकं काय लिहितात ते."

"आक्का, तू कितली बोलस! हात दखाडी ऱ्हायनू ना मी, मंग तू कसाले बोलस?"

हे मला लागलं. तुला कळलं की लागलं. तू लगेच टोपी काढून डोकं खाजवलंस, तुझी ती नेहमीची सवय, आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे. पुढला रविवारे भांडूत." मी फोन पिशवीत टाकला आणि रिक्षात बसले. हात केला की नाही ते आठवत नाही. तू नक्की केला असशील, कारण तू प्रत्येकाला करायचास.

पुढचा रविवार आला तेव्हा तुझी राख सावडून झाली होती.

तुला घरातून काढायच्या आधीचं एक सांगते, हसशील. तुला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. जागा एवढीशी, बाया दाटीवाटीनं बसलेल्या. मी शोभाला उठवायला म्हणून उभी राहिले आणि माझा पाय तुझ्या पायाला लागला. मी लगेच वाकले, तुझ्या पायाला हात लावला आणि कपाळाला लावला. विचार केला नाही, हात आपोआप गेला. एक म्हातारी मागून म्हणाली, "मोठी शेस ना तू. लहान भाऊना पाया नही पडतस, माय." मी तशीच वाकलेली. तुझा पाय गार होता आणि टाचेला मैदानातली माती होती, आंघोळ घालूनही भेगांतून न निघालेली. मला वाटलं, आता तू म्हणशील, आधी पोच, मग हात जोड. कुठं पोचायचं होतं मला? मी सरळ झाले आणि शोभाला उठवलं.

दिवसकार्य उरकून गंधमुक्ती झाल्यावर दुसऱ्या दुपारी मी घरी आले. फोन घेतला, आईची गोधडी काढली, पलंगावर बसले. दारात स्टूल नव्हता, कुणी बसायचं नव्हतं, म्हणून आतून कडी लावली. व्हिडिओ सुरू केला. तू तळवे वर केलेस. मी म्हणायला पाहिजे होतं, "दोन्ही हात वर, म्हणजे थांब." एवढंच वाक्य. आखूड, तुझ्या पसंतीचं. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. रडू आलं असतं तर समजले असते. काहीच आलं नाही. वर्गात मुलं कमी होत होत चालली, पण माझा आवाज कधी गेला नव्हता. बाहेर शेजारणीनं कडी वाजवली. थांबवायला कुणी नव्हतं. मी घामेजलेली बाहेर आले आणि तिला साखर दिली. ती घाबरून म्हणाली, "बेन, तबियत तो ठीक है?" मी म्हटलं, ठीक आहे.

मला तुझा राग आला होता भटू. हे लिहिते आहे कारण लिहिलं नाही तर खोटं होईल. तुझ्या जाण्याचा राग नव्हे. तू मला बोलायला लावलंस त्याचा. एरवी मी शाळेत फळ्यापुढं बोलून बोलून निवृत्त झाले असते, संपलं असतं. तू माझ्या आवाजाला नको तितकी माणसं जोडून दिलीस, आणि आता ती सगळी माझ्याकडे बघताहेत, की पुढं बोल. पण खरं सांगू? आयुष्यात मला दुसरं काही इतकं आवडलं नाही. त्या गोधडीखाली बसून मला जितकं सुख झालं तितकं कशात झालं नाही. हे तू असताना म्हटलं असतं तर तू मला आयुष्यभर चिडवलं असतंस. तरी म्हणायला हवं होतं.

इथवर लिहून ठेवलं होतं, पुढचं आज लिहिते. काल रविवार होता. पांडेसऱ्याच्या पोरांबरोबर आपल्या पोरांची मॅच. मी जाणार नव्हते. पूनम सकाळीच घरी आली, तिनं माझी चप्पल दारातून उचलून माझ्यापुढं ठेवली. गेले. मैदानावर मुलांनी सगळं नीट मांडलं होतं, तुझ्या त्या रेक्झिनच्या पिशव्या बेस म्हणून, चुन्याच्या रेघा, पाण्याची टाकी. फक्त तिसऱ्या बेसबाहेरची तुझी जागा रिकामी. कुणीच तिथं उभं राहत नव्हतं. कुणाला सांगताही येत नव्हतं की तू राहा. पहिल्या डावात आपली एक पोरगी दुसऱ्या बेसवरून सुसाट निघाली, अर्ध्यावर येऊन तिनं तुझ्या जागेकडे बघितलं, आणि थांबलीच. पुढं जाऊ की मागं, कुणी सांगेना. सगळे एकदम ओरडायला लागले, पय, थांब, मागे ये, आगे जा. तिला काहीच ऐकू आलं नाही. आऊट झाली. मैदानाच्या मधोमध तशीच उभी राहिली.

तू म्हणाला होतास तेच. आवाज ऐकाले बसना तं गया.

पूनम माझ्याकडे आली. "मॅडम, तुम्ही उभं राहा तिकडं."

मी म्हटलं, "मला खेळ येत नाही गं. मला फक्त बोलता येतं."

"बोलायचं नाहीये ना, मॅडम," ती म्हणाली. "सरांचे हात सगळ्यात जास्त तुम्हीच तर बघितलेत."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं फोन कुणी धरला होता? मी साडीचा पदर खोचला आणि तुझ्या जागी जाऊन उभी राहिले. पांडेसऱ्याच्या पोरांचा कोच माझ्याकडे बघून गोंधळला.

पूनमची पाळी आली. तिनं चेंडू लांब मारला. बॅट टाकली. पळताना पाय बॅटला लागला, मला तिथून दिसलं, बॅट गर्रकन फिरली. ती थांबली नाही. पहिला बेस, दुसरा बेस, आणि मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पूर्ण विश्वासानं, जसं तुझ्याकडे बघायची. तिच्या पाठीमागून चेंडू येत होता. सगळे ओरडत होते. मी तोंड उघडलं नाही. दोन्ही हात वर केले, तळवे पुढं.

ती तिसऱ्या बेसवर येऊन थांबली. चेंडू तिच्यानंतर आला. धापा टाकत ती वळली, घराकडे पडलेल्या बॅटकडे तोंड केलं आणि दोन्ही हात जोडले.

माझे हात वरच होते. खाली घ्यायचं सुचलंच नाही. तेव्हाच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हात वर असल्यामुळे पुसता येईना. पूनमनं बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हात खाली घ्या, बॉल पिचरकडे गेला." मी खाली घेतले. ती पुढं घरी पोचली की नाही ते विचारू नकोस, मला दिसलं नाही. नंतर कळलं, पोचली.

घरी आल्याबरोबर मी तो व्हिडिओ टाकला. आवाज लावला नाही. तुझे हात, मागं मोकळं मैदान, आणि काही नाही. गोधडी घडी करून कपाटात ठेवली. मला वाटलं होतं आता बरं वाटेल, तू जिंकलास, एक तरी भांडण मिटलं.

संध्याकाळी फोन बघितला. पहिल्याच माणसानं खाली लिहिलं आहे, "अवाज नथी आवतो." त्याच्या खाली दुसऱ्यानं, "मॅडम, साऊंड चेक करा." तिसऱ्यानं विचारलं आहे, फोन बिघडला का.

बघ. मी म्हटलं होतं ना, भटू? आते ये ना. ये भांडाले.